डाव्या सीटवरची बाटली

मी गेले होते माझं नरसाळं परत आणायला.

गुरुवारची दुपार होती. निळं प्लॅस्टिकचं नरसाळं, शेजारची वहिनी आठ दिवसांपूर्वी घेऊन गेली होती. खोटं कशाला सांगू, नरसाळ्यावाचून माझं काही अडलं नव्हतं. पण आमच्या दोन घरांत मिळून एकच भिंत, आणि त्या भिंतीपलीकडे सकाळपासून लोखंडावर लोखंड आपटत होतं. माणसाला कान असतात, त्याला तो तरी काय करणार?

भीतीच्या गोष्टी रात्री घडतात म्हणतात. असतील. मी जे पाहिलं ते दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पत्र्याच्या शेडमध्ये, भर उन्हात, पावणेतीन वाजता. अंधारात पाहिलं असतं तर आता चष्म्यावर ढकलता आलं असतं. म्हणून तर सांगताना दिवा जवळ असला तरी मला उपयोग होत नाही.

शेडमध्ये ट्रक उभा होता आणि ट्रकखालून दोन पाय बाहेर आले होते. चपला वहिनीच्या, विजार भाऊंची.

"वहिनी, अगं काय हे?"

"ताई, तेवढा चौदाचा पाना द्या."

पाना दिला. चौदाचाच दिला, बारा वर्षं त्या भिंतीला कान लावलाय, एवढं तरी आलं पाहिजे.

हे भाऊ म्हणजे वहिनीचा नवरा. माझे सख्खे नव्हेत, पण मला ताई म्हणत, म्हणून ते भाऊ आणि ती वहिनी. त्या गुरुवारच्या दोन महिने आधी गेले. माणूस कष्टाळू, पण हेकट. ट्रक वीस वर्षांचा जुना, आणि त्याला स्वतःशिवाय कुणाचा हात लागू द्यायचे नाहीत. मिस्त्री नको, गॅरेज नको. वहिनी माहेरी ट्रॅक्टर चालवायची, पण इथे तिने कधी दार पुसलं तरी ओरडायचे, "तू लांब राहा. बाईचा हात लागला की गाडी बसते." ती लांब राहिली. आणि एका उन्हाळी दुपारी, वरच्या खाणीच्या चढावर, दुसऱ्या वळणाला गाडी तापून उभी राहिली. रस्त्याला सावली नाही, पाणी नाही. प्यायच्या पाण्याची एक बाटली होती. ती त्यांनी रेडिएटरमध्ये ओतली. संध्याकाळी खाणीतली माणसं उतरली तेव्हा भाऊ क्लीनरच्या, म्हणजे डावीकडच्या सीटवर बसलेले. हातात लाल झाकणाची रिकामी बाटली उलटी धरलेली, ओठ भेगाळलेले. उन्हानेच गेले, डॉक्टर म्हणाले.

आणि रेडिएटर काठोकाठ भरलेला.

तर आता थोरल्या दिरांचं म्हणणं पडलं की गाडी भंगारात घालायची. "त्याचा जीव अडकलाय तिच्यात," म्हणाले. वहिनी म्हणाली, "अडकू दे. मी चालवणार." खाणीची खडी ओढायचं काम तिने बोलूनसुद्धा ठेवलं होतं. शब्दाला शब्द वाढला. शेवटी थोरल्यांनी, चार माणसांसमोर, हसत हसत पैज लावल्यासारखं सांगितलं, "शनिवारी दुपारी भंगारवाला येतोय. तोवर गाडी न तापता वरच्या खाणीपर्यंत नेऊन परत आण. आणलीस तर तुझी. मग मी तोंड उघडणार नाही."

आणि गाडी तर पाणी धरत नव्हती.

वहिनी खालून बाहेर आली. तोंडाला काळं, केसांत पेचकस खोचलेला. "आठ दिवस झाले, ताई. रात्री सहा लिटर हिरवं कूलंट ओतून इंजिन तापवते, सकाळी रेडिएटरचा तळ दिसतो. बरं, गळालं म्हणावं तर खाली बघा."

खाली तिने पुठ्ठे पसरले होते. खडखडीत कोरडे. फक्त पुढच्या बाजूला, बांगडीएवढा एक हिरवट डाग.

"एवढ्याशा डागातून सहा लिटर जातात होय?" ती म्हणाली.

मिस्त्रीला निरोप मी धाडला. न विचारता. मला कुणी विचारेपर्यंत थांबायचं म्हटलं तर आयुष्यात काही व्हायचंच नाही.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री आला. म्हातारा, एका कानाने ठार बहिरा, दुसऱ्याने मर्जीप्रमाणे. पण गाडीच्या बाबतीत त्याची एक खोड होती: लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवायचं आणि लाकडी मूठ चांगल्या कानाला. लाकडातून त्याला सगळं ऐकू यायचं म्हणे. मला बघून म्हणाला, "ताई, पाने द्यायला आलात की खबर घ्यायला?"

"दोन्ही. चहा पण आणलाय, हवा असेल तर तोंड सांभाळा."

त्याने गाडी चालू करायला लावली, पंपाला पेचकस टेकवला, डोळे मिटले आणि मान हलवली. वॉटर पंपाचं बेअरिंग गेलेलं. मग गाडी बंद करून, थंड करून, रेडिएटरच्या तोंडावर त्याने एक छोटा हातपंप बसवला, वर घड्याळासारखा काटा. हवा भरायची आणि काटा उतरतो का बघायचं. उतरला की समजायचं कुठेतरी गळतंय. काटा उतरला, आणि वॉटर पंपाखालच्या बारीक छिद्रातून हिरवा थेंब डोकावला. खालच्या रबरी पाईपलाही, क्लॅम्पच्या पाठीमागे, केसाएवढी चीर.

"ही तुमची गळती," मिस्त्री म्हणाला. "गरम इंजिनावर पडून वाळून जायचं, म्हणून पुठ्ठा कोरडा."

वहिनीचा चेहरा असा उजळला! मलाही बरं वाटलं. माणसाचा जीव पंपात अडकलेला केव्हाही परवडतो.

पंप तिने स्वतः काढला. पंखा सोडला, पट्टा उतरवला, गंजलेले बोल्ट एकेक करून फिरवले. मिस्त्री नुसता बोटाने दाखवत होता. जुना गॅस्केट, म्हणजे सांध्यातला पुठ्ठा, खरवडून नवा बसवला, बोल्ट समोरासमोरचे आवळले, पाईप नवा टाकला. कूलंटची छोटी पांढरी टाकीही बदलली, कारण जुनी पिवळी पडून तडकली होती. त्या जुन्या टाकीवर रेघाच रेघा. भाऊ रोज सकाळी पेचकसाच्या टोकाने पातळीची रेघ ओढायचे. त्यांचा नेम होता तो. वहिनीने ती टाकी फेकली नाही. कोपऱ्यात ठेवली, भिंतीकडे तोंड करून.

मग नवं कूलंट भरण्याआधी रेडिएटर धुतला. आधी चहासारखं पाणी आलं. मग आतून पांढरट, चिवट दोऱ्या यायला लागल्या. सुटता सुटेनात.

मिस्त्रीने एक दोरी बोटावर घेतली, वास घेतला. "अंडं! रेडिएटरमध्ये अंडं कुणी घातलं?"

"ते घालायचे," वहिनी म्हणाली. "गळायला लागलं की अंडं फोडून त्यातलं पांढरं टाकायचे. म्हणायचे, शिजून भोक बुजतं. कशाला हवा मिस्त्री?"

"गाडी होती की कोंबडी?" मिस्त्री हसला, आणि मग एकदम हसायचा थांबला. "बाई... भोकं बुजली नाहीत. नळ्या बुजल्यात. अर्धा रेडिएटर बंद आहे. अशी गाडी चढावर तापणारच."

पाणी तेवढं पडत राहिलं. वहिनीने त्या दोऱ्या हातात घेतल्या, मुठीत दाबल्या. "म्हणजे एक मिस्त्री बोलावला असता तर..."

"रेडिएटर साफ होतोय," मिस्त्री म्हणाला.

दुपारी अडीचला सगळं जोडून झालं. कूलंट माझ्याच नरसाळ्याने भरलं. हातपंप बसवला, हवा भरली, काटा दहावर. आम्ही चहा प्यायलो. काटा दहावर. वहिनीने पदर... पदर कुठला, भाऊंच्या शर्टाच्या बाहीने कपाळ पुसलं आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा हसली.

पावणेतीनला काटा नऊवर आला.

हळूहळू उतरला नाही. खाली सरकत येतो तसा नाही. टुक्कन एक घर पडला. मग थांबला. मग आठ.

मिस्त्री गाडीखाली शिरला, पाईप चाचपले, पंप चाचपला. सगळं कोरडं. तेलाची काडी काढून बघितली, तेलात पाणी नाही. "मग आत. केबिनमधला हीटर गळत असणार."

"हीटर नाहीच," वहिनी म्हणाली. "त्यांनी कधीच त्याचे पाईप कापून टाकले. केबिनमध्ये पाणी जातच नाही."

पण मी तोवर पायरीवर चढले होते. सवय, दुसरं काय. आणि केबिनमधून वास आला, कूलंटचा असतो तसा गोडसर, पण कुणाच्या तोंडाचा यावा तसा कोमट. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता, आणि डावीकडची काच आतून धुरकट झालेली. तेवढीच. थंडीत काचेजवळ तोंड नेल्यावर होते तशी.

मग आवाज आला.

तुम्ही लहान मूल तहानलेलं पाहिलंय, तांब्या तोंडाला लावून...? तसा. घट्. जरा थांबून, घट्.

"सात," समोरून वहिनी म्हणाली. ती काट्याकडे बघत होती. तिला आवाज ऐकू गेला नव्हता.

घट्.

"सहा."

मी बोटाने नुसती सीट दाखवली. मिस्त्रीला वाटलं मला काही दिसलं. त्याने पेचकस घेतला, डाव्या सीटच्या लोखंडी पायाला टोक टेकवलं, मूठ कानाला लावली. ज्या माणसाला हॉर्न ऐकू येत नाही त्याचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत पांढरा पडला. त्याने पेचकस हळूच काढला. आपली पिशवी भरली. हातपंप तसाच रेडिएटरवर सोडला.

"बाई, गळती असेल तर माझी," तो म्हणाला, अगदी हळू. "हे माझ्याकडचं काम नाही. तो... तहानलाय."

आणि गेला. चहाही अर्धा टाकून.

मी म्हटलं, "वहिनी, घरी चल. विकून टाक बाई. जाऊ दे."

ती हलली नाही. तिचा चेहरा घाबरलेला असता तर मी तिला ओढत नेलं असतं. पण ती चिडली होती. कान लाल झालेले. ती घरात गेली आणि लाल झाकणाची ती बाटली घेऊन आली. तीच. प्लॅस्टिक घासून घासून पांढुरकं झालेलं. माठातलं पाणी तिच्यात काठोकाठ भरलेलं.

"ताई, तुम्ही काटा बघा. पडला की ओरडा."

ती ड्रायव्हरच्या सीटवर चढली आणि दार ओढून घेतलं. मी समोर उभी. तिच्या बाजूची काच उघडी होती, म्हणून सगळं ऐकू येत होतं. खरं तर बंद असती तरी ऐकलं असतं.

"चार!" मी ओरडले.

"तू तहानेने गेलास," वहिनी म्हणाली.

माझ्या अंगावर काटा आला तो तेव्हा. बारा वर्षं त्या भिंतीतून मी तिचं 'अहो' ऐकत आले. नवऱ्याला अरे-तुरे करताना तिला पहिल्यांदाच ऐकलं, तेही मेल्यावर.

"तू तहानेने गेलास, कारण शेवटचं पाणी तू गाडीला पाजलंस. माझ्यासाठी जगायला एक घोट ठेवला नाहीस. अंडी घातलीस, पण माणूस बोलावला नाहीस. मला हात लावू दिला नाहीस. जिवंत होतास तोवर ऐकलं. आता नाही. ही गाडी आता माझं पोट आहे. हिच्या पाण्याला तोंड लावायचं नाही. ऐकतोयस ना?"

घट्.

"तीन... वहिनी, तीन!"

"हे घे." बाटली सीटवर ठेवल्याचा आवाज आला. "हे तुझं. ते गाडीचं. बसायचं तर बस, मी काही तुला उतरवत नाही. पण चालवणार मी. आणि तुला पटत नसेल तर माझ्या पायाखालून ब्रेक काढून घे, बघू तुझी हिंमत."

मग काही नाही. पत्रा वाजत होता. कुठेतरी कुत्रं भुंकायला लागलं आणि मधेच थांबलं. मी काट्यावरून नजर काढली नाही. तीन. तीन. मोजून अर्धा तास मी तिथे उभी राहिले, पायांना मुंग्या आल्या. तीन.

डावीकडची काच स्वच्छ झाली होती.

शनिवारी थोरले दीर आणि भंगारवाला अकरालाच हजर. भंगारवाला टायर बघत फिरत होता, सुनेचे दागिने बघावेत तसा. वहिनीने त्याच्याकडे पाहिलं नाही. मी गाडीत चढायला लागले तर थोरले म्हणाले, "तुम्ही कुठे?"

"साक्षीला," मी म्हटलं. "नंतर कुणी काही म्हणायला नको."

खरं कारण हे की तिला एकटीला... म्हणजे तसं एकटीला सोडणं मला बरं वाटेना. डावीकडे बाटली होती, म्हणून मी मधे बसले, गुडघे आवळून. थोरले मोटारसायकलवरून मागे.

पहिलं वळण झालं. तापमानाचा काटा मधोमध. वहिनी गिअर टाकत होती ते मी बघत राहिले. गाडी तिचं ऐकत होती. मला तर गाणंच म्हणावंसं वाटत होतं. मग चढ उभा झाला, ऊन काचेवर आलं, आणि दुसरं वळण दिसलं.

काटा उठला. तांबड्याकडे चालला.

"वहिनी, थांबव."

"तो इथे थांबला होता, ताई. मी थांबणार नाही."

"अगं पण इंजिन..."

तिने गिअर खाली आणला. इंजिन ओरडलं. त्या वळणावर अजूनही रस्त्याला काळा तेलाचा डाग आहे, त्याच्यावरून आमचं चाक गेलं, आणि माझ्या डाव्या दंडाला काहीतरी कोमट लागलं. शेजारी कुणी बसलं की त्याच्या अंगाची ऊब लागते तशी. मी तिकडे मान वळवली नाही. डोळा मात्र वळला.

बाटलीतलं पाणी खाली जात होतं. झाकण घट्ट. बाटली उभी. पाणी एक बोट खाली, थांबून आणखी एक बोट. पण घोटाचा आवाज नाही. मी जिवाचा कान करून ऐकत होते, तुम्हाला माहीतच आहे माझे कान. गिळल्याचा आवाज नव्हता.

काटा थरथरला. तांबड्याच्या कडेवर उभा राहिला. आणि उतरायला लागला.

वर खाणीत पोचलो तेव्हा माझी साडी पाठीला चिकटली होती. वहिनीने बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नसतं, पण पांढरी टाकी बाहेरूनच दिसते. तिच्यातलं कूलंट खुणेच्या तीन बोटं वर आलेलं. आणि फिकट. आदल्या दिवशी गडद हिरवं भरलेलं, आता कुणीतरी साधं पाणी ओतावं तसं.

ती केबिनकडे गेली. लाल झाकणाची बाटली हातात घेतली. कोरडी ठणठणीत. झाकण तसंच आवळलेलं.

"पुन्हा तेच," ती म्हणाली. "पुन्हा तेच केलंस मेल्या... पुन्हा गाडीलाच पाजलंस!"

आणि दोन महिन्यांत जे आलं नव्हतं ते रडू तिला तिथे आलं, खडीच्या ढिगांमधे, मुठीने मडगार्ड बडवत. थोरले मोटारसायकल लावून लांबच उभे राहिले. त्यांनी काय पाहिलं ठाऊक नाही, पण खाली आल्यावर भंगारवाल्याला म्हणाले, "जा बाबा, गाडी चालू आहे." आणि शब्द पाळला, तोंड उघडलं नाही.

इथे गोष्ट संपायला हवी, नाही का? मलाही तसंच वाटलं होतं.

दोन महिने झाले. गाडी रोज खडी ओढते. रोज सकाळी वहिनी बाटली भरून डाव्या सीटवर ठेवते, संध्याकाळी रिकामी काढते. त्याचं आम्हाला आता काही वाटत नाही. भीती दुसऱ्याच गोष्टीची आहे.

नव्या पांढऱ्या टाकीवर रेघा उमटायला लागल्या. आठवड्याला एक, सोमवारी सकाळी. वहिनी ओढत नाही. मी तिला शपथेवर विचारलं. बाहेरून नख फिरवलं तर टाकी गुळगुळीत लागते. रेघा आतून आहेत. आणि भाऊ पातळीची रेघ ओढायचे, पण या पातळीच्या नाहीत. कूलंट भरलेलं असतं, खुणेला टेकलेलं; रेघा मात्र दर सोमवारी आधीच्या खाली, कुणी तळापर्यंतचे दिवस मोजत असावं तशा.

परवा, रविवारी, वहिनीने केसांतला पेचकस काढला आणि बाहेरून आडवी, जाड रेघ मारली. "ह्याच्या खाली यायचं नाही," म्हणाली. शेजारी मीच उभी होते, पण सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती.

काल सकाळी मी नरसाळं मागायला गेले. बॉनेट उघडंच होतं. तिच्या रेघेखाली, आतून, नवी रेघ. आणि बंद टाकीत, हिरव्या पाण्यावर, प्लॅस्टिकची बारीक सालपटं तरंगत होती.

"हं," वहिनी म्हणाली. बॉनेट आपटलं. "ओढ म्हणावं, तळापर्यंत ओढ. टाकी संपली तर मी नवी बसवीन." बाटली डावीकडे ठेवली, हॉर्न दिला आणि गेली, खडीला उशीर होत होता.

बॉनेट पडायच्या आधी मी त्या नव्या रेघेखाली बोटं लावून पाहिली होती. खोड माझी.

तळापर्यंत आता दोनच बोटं उरलीत.